जिवंत खडकाचा प्रवास : सागरी मत्स्यटाकीचा इतिहास आणि कर्जत-खालापूर परिसर

प्रस्तावना

रायगड जिल्ह्याच्या इतिहासाचा विचार करताना अभ्यासकाची नजर साहजिकच समुद्राकडे वळते. कुलाबा, खांदेरी-उंदेरी, जंजिरा, रेवदंडा ही नावे आधी आठवतात. कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके याच जिल्ह्यात असले तरी त्यांना समुद्रकिनारा नाही. सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या या भूभागाचे व्यवहार घाटाशी, भातशेतीशी, लोहमार्गाशी आणि अलीकडच्या काळात मुंबई-पुण्याहून येणाऱ्या पर्यटकांशी जोडलेले आहेत. इंग्रजी अमदानीतील गॅझेटिअर चाळले तर कर्जतची माहिती कुलाब्याच्या खंडात सापडत नाही. ती १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या खंडात पाहावी लागते. कर्जत कुलाबा जिल्ह्यात आले ते १८९१ साली, आणि कुलाब्याचे रायगड झाले ते १९८१ साली. थोडक्यात, किनाऱ्याच्या जिल्ह्यात हा परिसर उशिराने सामील झाला.

अशा परिसरात सागरी मत्स्यटाकीचा इतिहास शोधणे वरवर पाहता विसंगत वाटेल. तथापि गेल्या दोन-तीन दशकांत नेरळ, कर्जत, चौक, खोपोली या पट्ट्यात शेतघरे, विश्रामस्थाने आणि नव्या वसाहती उभ्या राहिल्या. त्यांच्याबरोबर शोभिवंत माशांच्या टाक्याही आल्या. यांतील बहुतेक टाक्या गोड्या पाण्याच्या असतात. खाऱ्या पाण्याची, त्यातही प्रवाळांची टाकी ठेवण्याची हौस त्या मानाने विरळ, खर्चिक व कष्टाची आहे. अशा टाकीत सर्वप्रथम मासा सोडला जात नाही. सर्वप्रथम दगड ठेवला जातो. व्यापारात त्याला ‘लाइव्ह रॉक’ म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यासाठी ‘जिवंत खडक’ हा शब्द योजला आहे.

या खडकाचे महत्त्व माणसाला कसे कळत गेले, तो कोठून येत असे, भारतात त्याच्या वापरावर बंधने का आली, आणि समुद्रापासून दूर असलेल्या कर्जत-खालापुरात आज नवी टाकी वसवणाऱ्यासमोर कोणता मार्ग उरतो, यांचा मागोवा घेणे हा या लेखाचा हेतू आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते या इतिहासात एक सूत्र स्पष्ट दिसते. ‘जिवंत’ हे विशेषण खडकाचे नसून त्याच्या छिद्रांत राहणाऱ्या सूक्ष्म जीवांचे आहे. विज्ञानाला ही गोष्ट हळूहळू उलगडली. हौशी माणसाला मात्र अजूनही समुद्रातून फोडून आणलेला दगडच खरा वाटतो, आणि प्रश्नाचे मूळ तेथेच आहे.

बोरघाटाच्या पायथ्याशी आलेला समुद्र

समुद्र या परिसरात पूर्वीही येत होता, पण वेगळ्या रूपात. पेण, पनवेल, उरण येथील मिठागरांतील मीठ बैलांच्या पाठीवर लादून वंजाऱ्यांचे तांडे बोरघाटाने देशावर नेत. १८३० साली घाटात गाडीरस्ता खुला झाला. १८५६ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची गाडी खोपोलीपर्यंत पोचली आणि १८६३ मध्ये घाटातील लोहमार्ग पूर्ण झाला. मिठाबरोबर येणारा दुसरा जिन्नस म्हणजे सुकी मासळी. बोंबील, सुकट, जवळा यांवाचून येथील आठवडेबाजार पूर्वीही भरत नसे व आजही भरत नाही. ताज्या माशाचा संबंध मात्र नदीनाल्यांशी. पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध चढणारे वलगणीचे मासे पकडण्यात येथील कातकरी व ठाकूर बांधव तरबेज आहेत. त्यांना पाण्याची, गाळाची व माशांच्या वेळांची जी जाण आहे ती ग्रंथांत क्वचितच नोंदली गेली आहे.

येथे मिठाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण पुढील विवेचनाशी त्याचा थेट संबंध आहे. मीठ पाण्यात विरघळवले म्हणजे समुद्राचे पाणी तयार होते, असा सर्वसाधारण समज असतो. मिठागरात काम करणाऱ्या आगरी माणसाला विचारले तर तो हा समज लगेच खोडून काढील. खाजणाचे पाणी उन्हात आटत असताना त्यातील चुन्याचे क्षार आधी तळाशी बसतात, नंतर मीठ धरते, आणि शेवटी जे कडू पाणी उरते ते काढून टाकावे लागते. मॅग्नेशियमचे क्षार त्या कडू पाण्यात राहतात. म्हणजे पेणचे मीठ हा समुद्राचा एक अंश आहे, अख्खा समुद्र नव्हे. प्रवाळाला आपला सांगाडा बांधण्यासाठी कॅल्शियम लागते आणि त्याचा तोल राखण्यासाठी मॅग्नेशियम लागते. मिठागरात नेमके हेच दोन घटक वेगळे पडतात. त्यामुळे बाजारातील मीठ घालून सागरी टाकी भरण्याचा प्रयत्न हमखास फसतो.

दुसरी एक गोष्ट भूगोलाची. रायगडच्या किनाऱ्याला लक्षद्वीपसारखी प्रवाळभित्ती नाही, याचे एक कारण कर्जत-खालापूरच्या डोंगरांत आहे. उल्हास नदी कर्जतवरून वाहत पुढे वसईच्या खाडीला मिळते, तर पाताळगंगा खालापुरातून धरमतरच्या खाडीकडे जाते. पावसाळ्यात या नद्या घाटमाथ्याची तांबडी माती घेऊन समुद्राला मिळतात. किनाऱ्याचे पाणी गढूळ होते, त्याचा खारेपणा उतरतो, आणि स्वच्छ, उथळ, उजेडाच्या पाण्यात वाढणाऱ्या प्रवाळांना तेथे मोठी वस्ती करता येत नाही. गाळ सोसणाऱ्या काही जातीच तग धरतात. त्यामुळे या परिसरातील माणसाच्या अनुभवात प्रवाळ कधी आलेच नाही. दगड म्हणजे काळा कातळ किंवा माथेरानचा जांभा, एवढीच ओळख. कोंढाण्याची लेणी ज्यात कोरली तो काळा कातळ घट्ट असतो. जांभा सच्छिद्र दिसतो खरा, पण त्यात लोहाचे प्रमाण मोठे असल्याने तोही या कामाला योग्य नाही. प्रवाळटाकीला हवा असतो तो चुन्याचा, हलका आणि आतपर्यंत छिद्रे असलेला खडक.

काचेची टाकी आणि दगडाचे महत्त्व

सागरी टाकीचा आधुनिक इतिहास एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये सुरू होतो. त्यामागे एक साधे आर्थिक कारणही आहे. १८४५ मध्ये तेथील काचेवरचा कर रद्द झाला व काच स्वस्त झाली. पुढच्याच वर्षी ॲना थिन या बाईंनी टॉर्की येथील किनाऱ्यावरून दगडी प्रवाळ लंडनला आणले व ते घरात जगवले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून ते पाणी मोलकरणीकडून खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतून घेतले जाई. १८४७ मध्ये थिनबाईंनी या श्रमावर उपाय म्हणून सागरी वनस्पती चिकटलेले दगड व शिंपले पाण्यात ठेवले. प्रस्तुत लेखकाच्या मते जिवंत खडकाच्या इतिहासाचा आरंभ येथे मानावा. दगडामागील कारणमीमांसा तेव्हा कोणालाही ठाऊक नव्हती. दगड ठेवले की पाणी टिकते, एवढाच अनुभव होता. त्या मोलकरणीचे नाव मात्र इतिहासात प्रसिद्ध नाही, हेही नमूद करावेसे वाटते.

१८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने मासे, वनस्पती आणि गोगलगाई यांचा समतोल साधला तर टाकीतील पाणी वारंवार बदलावे लागत नाही, असे मांडले. १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यगृह उघडले. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचा ‘द ॲक्वेरियम’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि मध्यमवर्गीय घरांत समुद्रकिनाऱ्यावरील जीव गोळा करण्याची लाटच आली. याच गॉस यांनी साधे मीठ, मॅग्नेशियमचे दोन क्षार आणि पोटॅशियमचा एक क्षार मिसळून कृत्रिम समुद्रजल बनवण्याची रीत दिली. मिठागरातील कडू पाण्यात जे निघून जाते ते या रीतीत परत मिसळले जात होते. समुद्रापासून दूरच्या गावांत सागरी टाकी शक्य झाली ती या शोधामुळे. बर्लिन हे त्याचे ठळक उदाहरण. तेथे १८६९ मध्ये मोठे मत्स्यालय सुरू झाले आणि ऑटो हर्मीस यांच्या देखरेखीखाली ते कृत्रिम समुद्रजलावर चालू लागले.

या लाटेची दुसरी बाजू गॉस यांच्या मुलानेच लिहून ठेवली आहे. एडमंड गॉस यांच्या १९०७ सालच्या ‘फादर अँड सन’ या आत्मचरित्रात, वडिलांच्या पुस्तकांनी प्रेरित झालेल्या लोकांनी इंग्लंडच्या किनाऱ्यावरील खडकातील डबकी कशी ओरबाडून रिकामी केली, याविषयीची खंत आढळते. निसर्गप्रेमातून निसर्गाची हानी होण्याचे हे उदाहरण दीडशे वर्षांनीही लागू पडते, म्हणून त्याचा येथे मुद्दाम निर्देश केला.

दगडामागील विज्ञान यानंतर उलगडत गेले. माशांच्या मलमूत्रातून व सडणाऱ्या अन्नातून पाण्यात अमोनिया तयार होतो व तो विषारी असतो. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट होणे ही क्रिया जिवाणू घडवतात, हे १८७७ मध्ये श्लोझिंग व म्यून्ट्झ यांनी दाखवले, आणि १८९० च्या सुमारास विनोग्राद्स्की यांनी हे जिवाणू वेगळे काढले. हे संशोधन शेतजमीन व सांडपाणी यांच्या संदर्भातील होते. मत्स्यटाकीशी त्याची सांगड पुढे अनेक दशकांनी घातली गेली.

जाकार्ता येथील ली चिन एंग या हौशी गृहस्थांनी १९६१ मध्ये अमेरिकेतील मत्स्यपालनविषयक मासिकात आपली पद्धत प्रसिद्ध केली. त्यांनी गाळणीयंत्रे बाजूला ठेवली. प्रवाळभित्तीजवळचे दगड त्यांवरील सजीवांसह टाकीत रचले, समुद्राचेच पाणी घेतले, थोडे हवेचे बुडबुडे सोडले आणि टाकीला सूर्यप्रकाश मिळू दिला. मासे व प्रवाळ जगले. ज्याच्या दारात समुद्र आहे त्याला हे सोपे होते. पाश्चात्त्य देशांतील लोकांनी ही पद्धत लगेच स्वीकारली नाही. तेथे खडीखालील गाळणीचा जमाना होता. पुढे १९७० व १९८० च्या दशकांत जर्मनीतील हौशी मंडळींनी, विशेषतः बर्लिनमधील डीट्रिश श्ट्यूबर व त्यांच्या सहकाऱ्यांनी, भरपूर जिवंत खडक, प्रखर उजेड आणि पाण्यातील सेंद्रिय घाण फेसाबरोबर काढून टाकणारे प्रोटीन स्किमर यांची जोड दिली. ‘बर्लिन पद्धत’ हे नाव तेव्हापासून रूढ झाले. समुद्रापासून दूर असलेल्या एकाच शहराने या इतिहासात दोनदा भर घालावी, हे लक्षणीय आहे.

खडकात नेमके काय घडते? त्याच्या पृष्ठभागावर प्राणवायू मिळतो, तेथील सूक्ष्मजीव अमोनियाचे नायट्रेट करतात. आत खोल छिद्रांत प्राणवायू पोचत नाही, तेथे दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्रेटमधील नत्र वायुरूपात मोकळे करतात. एकाच दगडाच्या काही सेंटिमीटर जाडीत दोन परस्परविरुद्ध परिस्थिती नांदतात. हे काम कोणते जीव करतात, याविषयीचे ज्ञान अगदी अलीकडे बदलले. वर्षानुवर्षे नायट्रोबॅक्टर या जिवाणूला श्रेय दिले जाई. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात टिमोथी होव्हनेक यांच्या संशोधनातून मत्स्यटाक्यांत नायट्रोस्पायरा हा वेगळाच जिवाणू हे काम करीत असल्याचे दिसले. २००५ मध्ये तर सिॲटल येथील मत्स्यालयाच्या टाकीतील खडीतून आर्किया गटातील एक सूक्ष्मजीव वेगळा करण्यात आला, जो अमोनियावर जगतो. त्याला नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस हे नाव मिळाले. महासागरातील नत्राच्या चक्राविषयीची समजूत बदलणारा हा जीव एका मत्स्यालयातील खडीत सापडला, ही बाब हौशी मत्स्यपालनाकडे केवळ करमणूक म्हणून पाहणाऱ्यांनी ध्यानात घेण्यासारखी आहे.

मुंबई, रत्नागिरी आणि मालवण

भारतात सार्वजनिक मत्स्यालयाची सुरुवात मद्रासच्या किनाऱ्यावर १९०९ मध्ये झाली. मराठी माणसाच्या मनात मात्र मत्स्यालय म्हणजे मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय. डी. बी. तारापोरवाला या पारशी दानशूर गृहस्थांनी दिलेल्या दोन लाख रुपयांच्या देणगीची जोड मिळून, सुमारे आठ लाख रुपये खर्चून ते बांधले गेले आणि १९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. मरीन ड्राइव्हवरील ही वास्तू समुद्राला लागून होती. कर्जत व खोपोलीहून लोकलने येणाऱ्या शालेय सहलींसाठी राणीच्या बागेइतकेच ते ठरलेले ठिकाण होते. नूतनीकरणानंतर २०१५ मध्ये ते नव्याने खुले झाले. २०२० मध्ये करोनाच्या साथीत बंद झाले आणि पुढे इमारतीच्या धोकादायक स्थितीमुळे त्याची दारे बंदच राहिली. रत्नागिरीचे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र १९५८ सालचे. आज ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत असून तेथील मत्स्यालय व संग्रहालय अभ्यासकांना परिचित आहे.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर जिवंत प्रवाळ आहेत, याची शास्त्रीय नोंद मात्र बरीच उशिराची. १९७९ मध्ये कासीम व वाफर या शास्त्रज्ञांनी मालवण, रत्नागिरीसह पश्चिम किनाऱ्यावरील अनेक ठिकाणी जिवंत प्रवाळ असल्याचे प्रसिद्ध केले. १९८७ मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र मालवण सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरवर आंग्रिया बँक हे पाण्याखालील पठार आहे. तेथील प्रवाळांची पाहणी २०१९ च्या अखेरीस सागरी संशोधकांच्या मोहिमेने केली. या पठाराला कान्होजी आंग्रे यांचे नाव आहे. रायगडच्या किनाऱ्यावर प्रवाळभित्ती नसली तरी कुलाब्याच्या सरखेलाचे नाव प्रवाळांच्या पठाराला लाभले आहे.

फोडलेला खडक आणि कायदा

१९८० व १९९० च्या दशकांत अमेरिका-युरोपातील मागणीमुळे फिजी, इंडोनेशिया व फ्लोरिडा येथून जिवंत खडक मोठ्या प्रमाणावर उचलला जाऊ लागला. जुन्या पुस्तकांतील प्रमाण घेतले तर दर लिटरमागे साधारण १२० ते २४० ग्रॅम खडक ठेवावा असे सांगितले जाई. म्हणजे २०० लिटरच्या मध्यम टाकीला २४ ते ४८ किलो! हजारो टाक्यांचा हिशेब केला की प्रवाळभित्तीचा किती भाग बैठकीच्या खोल्यांत गेला असेल याची कल्पना येते. फ्लोरिडाने १९८९ मध्ये आपल्या हद्दीतील जिवंत खडक काढण्यावर बंदी घातली व १९९७ पासून अमेरिकेच्या केंद्रशासित सागरी हद्दीतही ती लागू झाली. बंदीनंतर तेथील व्यावसायिकांनी वेगळी वाट काढली. जमिनीवरील खाणीतला चुनखडक परवाना घेऊन समुद्राच्या तळाशी ठेवायचा, काही वर्षांनी त्यावर जीव वसले की काढून विकायचा. खडकाची अशी शेती यशस्वी झाली, यावरून एक गोष्ट सिद्ध होते. समुद्राने दगड ‘जिवंत’ करावा लागतो. तो समुद्राने घडवलेलाच असावा असे नाही. दरम्यान, वन्य प्राणी व वनस्पतींच्या व्यापाराचे नियमन करणाऱ्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात सर्व दगडी प्रवाळ १९९० पर्यंत समाविष्ट झाले होते.

भारतातील परिस्थिती याहून वेगळी होती. मन्नारच्या आखातात आणि कच्छच्या आखातात प्रवाळ काढले जात ते मुख्यतः चुना, सिमेंट व बांधकामासाठी. हौशी टाक्यांचा वाटा त्यात नगण्य होता. १९८० च्या दशकात या दोन्ही ठिकाणी सागरी राष्ट्रीय उद्याने झाली, आणि जुलै २००१ मध्ये केंद्र सरकारने वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ व समुद्रपंखे यांचा समावेश केला. वाघाला जे संरक्षण आहे तेच प्रवाळाला मिळाले. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेररचना झाली तरी प्रवाळांचे स्थान पहिल्याच अनुसूचीत राहिले. अशा गुन्ह्याला किमान तीन व कमाल सात वर्षांच्या कारावासाची तरतूद असून दंडाची किमान रक्कम या दुरुस्तीने २५ हजार रुपये झाली आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. दगड मेलेला आहे, त्यावर प्रवाळ उरलेले नाही, तेव्हा तो ठेवण्यास हरकत नसावी, असे अनेकांना वाटते. कायदा प्राण्याच्या अवयवांना व त्यांपासून बनलेल्या वस्तूंनाही लागू आहे. प्रवाळाचा सांगाडा म्हणजे त्या प्राण्याचाच अवशेष. पर्यटनस्थळावरून आणलेला पांढरा प्रवाळाचा तुकडा दिवाणखान्यातील कपाटात असो की टाकीत, प्रश्न तोच राहतो.

या कायद्याविषयी सामान्य माणसाच्या मनात एक शंका निर्माण होते व ती अप्रस्तुत नाही. मुंबईच्या सागरी किनारा मार्गासाठी २०२० मध्ये वरळी व हाजीअली येथील प्रवाळांच्या १८ वसाहती वन्यजीव विभागाच्या परवानगीने हलवून अन्यत्र बसवण्यात आल्या. शासनाला हलवता येते, मग नागरिकाला चार किलो दगड का ठेवता येऊ नये, असा युक्तिवाद ऐकू येतो. दोन्ही गोष्टींत फरक आहे. पहिल्या ठिकाणी परवानगी, देखरेख आणि सार्वजनिक नोंद आहे, ज्यामुळे त्या निर्णयावर टीका करणेही शक्य झाले. दुसऱ्या ठिकाणी यांपैकी काहीच नसते. तरीही त्या स्थलांतराकडे कौतुकानेच पाहावे असे प्रस्तुत लेखकाला वाटत नाही. हलवलेली वसाहत जगली की नाही, हे पाहण्यासाठी वर्षे जावी लागतात.

कर्जत-खालापुरात नवी टाकी

या पार्श्वभूमीवर आज या परिसरात नवी टाकी वसवू पाहणाऱ्याने काय करावे, हा प्रश्न इतिहासाच्या कक्षेबाहेरचा वाटला तरी त्याचे उत्तर वरील इतिहासातूनच मिळते.

प्रथम पाण्याचा विचार करू. खोपोली येथे १९१५ पासून आणि भिवपुरी येथे १९२२ पासून टाटांची जलविद्युत केंद्रे सुरू आहेत. घाटमाथ्यावरील तलावांचे पाणी वीज निर्माण करून अनुक्रमे पाताळगंगेत व उल्हासमध्ये उतरते, त्यामुळे येथे उन्हाळ्यातही नद्या वाहत्या असतात. गोड्या पाण्याच्या बाबतीत हा परिसर भाग्यवान आहे. खोपोलीचे नाना फडणविसांनी बांधलेले तळे त्याचीच साक्ष देते. तथापि नळाच्या पाण्यातील क्लोरीन, फॉस्फेट व इतर क्षार प्रवाळटाकीला अपायकारक असल्याने ते आर.ओ. यंत्रातून गाळून घ्यावे लागते. त्यात तयार सागरी क्षारमिश्रण दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या प्रमाणात मिसळतात. २०० लिटरला सात किलो होते. खाडीचे पाणी टँकरने आणण्याचा मोह टाळावा. गाळ, सांडपाणी आणि पावसाळ्यात उतरलेला खारेपणा यांमुळे ते उपयोगाचे नसते.

खडकासाठी पर्याय म्हणजे भट्टीत भाजलेले सच्छिद्र सिरॅमिकचे तुकडे, अथवा सिमेंटमध्ये शिंपल्यांचा चुरा व जाडे मीठ मिसळून घरी ओतलेले खडक. मीठ विरघळून गेले की छिद्रे उरतात. सिमेंटमुळे पाण्याचा सामू फार वाढतो, म्हणून असे खडक काही आठवडे गोड्या पाण्यात ठेवून ते पाणी वारंवार बदलावे लागते. या क्रियेला ‘मुरवणे’ हा आपला घरगुती शब्द चपखल बसतो. मालवण येथे २०१० च्या दशकात प्रवाळ पुनर्रोपणासाठी सिमेंटचेच सांगाडे समुद्रतळाशी ठेवण्यात आले होते. प्रवाळाचे तुकडे त्यांवर बांधले गेले. समुद्रात जे चालते ते टाकीत न चालण्याचे कारण नाही.

मुरलेला खडक टाकीत रचल्यावर खरी परीक्षा सुरू होते. खडक भिंतीसारखा लिंपून न रचता मधून पाणी खेळेल अशी मोकळीक ठेवावी. बाटलीबंद जिवाणू किंवा जुन्या, निरोगी टाकीतील मूठभर रेती घालून, अमोनियाचा थोडा पुरवठा करून टाकी माशांविना चालवावी. आधी अमोनिया चढतो व उतरतो, मग नायट्राइट चढतो व उतरतो, शेवटी नायट्रेट उरते. या क्रमाला चार ते सहा आठवडे, कोऱ्या खडकाला कधी त्याहून अधिक काळ लागतो. प्रवाळभित्तीवरून फोडलेला खडक हा काळ वाचवत असे. त्याची खरी किंमत होती ती या वाचलेल्या दीड-दोन महिन्यांची, आणि तेवढ्यासाठी शतकानुशतके वाढलेली भित्ती फोडली जात होती.

स्थानिक अडचणी दोन. एप्रिल-मे महिन्यांत कर्जतचा पारा चाळिशी गाठतो, तर टाकीचे पाणी २४ ते २७ अंशांत राखावे लागते. शीतक यंत्रावाचून ते होत नाही. दुसरी अडचण विजेची. २००० च्या दशकातील भारनियमन आता मागे पडले असले तरी वादळवाऱ्यात पुरवठा खंडित होतोच. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड जिल्ह्यात अनेक ठिकाणी दिवसचे दिवस वीज नव्हती. पंप थांबला की पाण्यातील प्राणवायू घटतो आणि खडकातील सूक्ष्मजीवही गुदमरतात. विजेरीवर चालणारा हवेचा पंप ही येथे चैन नसून गरज आहे. तो नसेल तर ॲना थिन यांच्या मोलकरणीप्रमाणे तांब्याने पाणी वरून ओतत राहणे एवढाच उपाय उरतो, आणि तो खरोखर उपयोगी पडतो.

नायट्राइट शून्यावर आल्यानंतर काचेवर प्रथम तपकिरी थर येतो, मग हिरवे शेवाळ. नवखा माणूस येथे घाबरून सर्व धुऊन काढतो व सहा आठवड्यांचे काम वाया घालवतो. तसे न करता काही शेवाळ खाणाऱ्या गोगलगाई सोडाव्यात, आणि त्यानंतर एखादी विदूषक माशाची जोडी. हा मासा आता समुद्रातून पकडलेलाच हवा असे नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने २००० च्या दशकात त्याच्या प्रजननाचे तंत्र बसवले आणि पुढे महाराष्ट्रातही कांदळवन प्रतिष्ठानाच्या ऐरोली येथील केंद्रात त्याची पैदास करण्यात आली. विक्रेत्याकडून मासा घेताना तो पैदाशीचा आहे का, आणि खडक घेताना तो कोठला आहे, हे विचारावे व पावतीवर लिहून घ्यावे. सिरॅमिकचा वा सिमेंटचा खडक असेल तर विक्रेता ते लगेच लिहून देतो. पुढे सहा-आठ महिन्यांनी, पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम योग्य राहिले आणि कोठून तरी बीज पोचले, तर त्या पांढऱ्या-करड्या खडकावर जांभळट गुलाबी रंगाचे कठीण ठिपके दिसू लागतात. ते चुना धरणारे शेवाळ असते, आणि ते दिसू लागले की टाकीत पहिला मऊ प्रवाळ, तोही कोणाच्या तरी टाकीत वाढवलेला, ठेवण्याचा विचार करता येतो.